बॅटरीच्या ड्रिलने मनगट पिरगळलं, माझं नेमकं काय चुकलं?

अर्धवट_सुतार

आज चौथा दिवस. उजवं मनगट पट्टीत आहे आणि हे सगळं डाव्या हाताच्या एका बोटाने टाइप करतेय, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ पोटात घाला.

दीड महिन्यापूर्वी 18 व्होल्टचं बॅटरीवालं ड्रिल घेतलं. घरात वायरचं जुनं ड्रिल वर्षानुवर्षं पडून होतं, पण मी त्याच्या वाटेला जात नसे. तो आवाज, पायात येणारी वायर, प्लग लावताना उडणारी ठिणगी, सगळ्याचाच धसका. हे नवीन मात्र खेळण्यासारखं वाटलं. वायर नाही म्हणजे शॉक नाही. महिनाभरात दोन फळ्या आणि पडद्याचे दांडे लावून झाले. थोडी हवा गेली डोक्यात.

रविवारी 5 मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पट्टीला 10 मिलिमीटरचं भोक पाडत होते. पट्टी टेबलाला क्लॅम्पने आवळली होती, तेवढी अक्कल होती. ड्रिल एका हातात. भोक आरपार होतच आलं होतं. म्हटलं, आता शेवटचा जोर. तेवढ्यात बिट (भोक पाडणारी पीळदार काडी) अडकला आणि मशीनच गरकन फिरलं. मनगटातून 'कट्' असा आवाज आला. ट्रिगर सोडायचं सुचलंच नाही, उलट मूठ आणखी आवळली गेली. हाड शाबूत आहे, स्नायूबंध ताणलाय.

तर प्रश्न असे. पुढच्या रिंगवर 1 ते 20 आकडे आहेत आणि शेवटी ड्रिलचं चित्र, रिंग त्या चित्रावर होती. डोक्यावरचा खटका 1 वर. जोर जास्त झाला की आतला क्लच सुटतो असं वाचलं होतं, मग तो सुटला का नाही? दुसरं, भाऊ म्हणतो ह्याच बॅटरीवर चालणारा, फिरत्या चकतीने लोखंड कापणारा ग्राइंडर घेऊ, रॅकचे पाय कापायचेत. मला आता धीर होत नाही. आणि बॅटरी रात्री पलंगाशेजारी चार्जिंगला लावून झोपते, ते चालतं ना?

खटपट_राव

होतं असं कधी कधी, मनावर घेऊ नका. चांगले जाड हातमोजे घाला, पकड सुटत नाही. बॅटरीची तर अजिबात काळजी नको. माझी एक चार्जच होईना, चार्जरवर लाल दिवा. दुसऱ्या भरलेल्या बॅटरीला दोन वायरींनी पाच मिनिटं जोडली, झाली जिवंत! व्हिडिओत बघून केलं होतं.

जुना_फिटर

राव, तुमच्या सल्ल्याकडे शेवटी येतो. आधी ताईंचं मनगट.

ताई, क्लच सुटला नाही कारण तो होताच कुठे? रिंग ड्रिलच्या चित्रावर आली की बहुतेक मशिनांत क्लच बाद होतो, मोटरचा सगळा पीळ थेट बिटाला जातो. आकडे असतात ते स्क्रू पिळण्यासाठी. मशीनच्या डोक्यावरचा सरकता खटका 1 वर असेल तर फेरे कमी नि पीळ जास्त. 10 मिलिमीटरच्या बिटाने लोखंड कापताना 1 वरच ठेवायचं असतं, म्हणजे तिथे तुमचं चुकलं नाही. पण मग तो पीळ झेलायचा कुणी?

हिशोब करा. तुमच्या वर्गातलं बरं मशीन 60 न्यूटन-मीटरपर्यंत पीळ देतं. बिटाच्या मध्यापासून तुमच्या मुठीचं अंतर धरू 15 सेंटीमीटर. म्हणजे मशीन अडकलं त्या क्षणी मुठीवर 400 न्यूटन, सोप्या भाषेत 40 किलोचं ओझं आडवं येऊन आदळलं. तेही सूचना न देता. एका मनगटाने ते कुणालाच पेलत नाही, मलाही नाही. खोक्यात एक आडवी मूठ आली असेल, चकाच्या, म्हणजे बिट पकडणाऱ्या जबड्याच्या, मागे कड्यात बसते ती. आली असेल आणि अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच असेल, पैज लावतो. ती लावून दुसरा हात तिथे ठेवला की अंतर वाढतं, तोच पीळ हातावर निम्म्याने येतो.

अडकायचं कारणही त्या शेवटच्या जोरातच आहे. पत्र्याचा तळ पातळ होत आला की बिटाचं टोक पलीकडे निघतं, कडेला लोखंडाचं फाटकं झालरीसारखं उरतं. बिटाच्या पीळदार खाचा त्या झालरीत स्क्रूसारख्या घुसतात. जोर लावून धरलेला असेल तर कापायच्या ऐवजी गिळायला बघतात आणि रुतून बसतात. आरपार व्हायच्या बेताला आवाज बदलतो, कुरकुर चढते. ती ऐकली की जोर काढायचा, वाढवायचा नाही. पट्टीखाली लाकडाचा तुकडा दाबून बसवला तर झालरच कमी निघते. आधी 4 चं भोक, मग 10 चं, हेही बरं. पातळ पत्रा असेल तर पायऱ्यापायऱ्यांचा शंकूसारखा बिट मिळतो, तो वापरा. आणि पट्टी क्लॅम्पने आवळली होती म्हणून वाचलात. हातात धरली असती तर पंख्याच्या पात्यासारखी फिरली असती आणि मग आपलं बोलणं बोटांबद्दल चाललं असतं.

आता जे मला खरंच सांगायचंय ते. तुम्ही लिहिलंत, वायर नाही म्हणून भीती गेली. मी तीस वर्षं वायरच्या मशिनांवर काढली. बिट बदलायचा की प्लग उपटायचा, आणि उपटलेला प्लग समोर जमिनीवर पडलेला दिसायचा. मशीन मेलंय ह्याचा डोळ्यांना पुरावा. बॅटरीच्या मशीनला तो पुरावाच नाही. ते टेबलावर, पिशवीत, गाडीच्या डिकीत, कुठेही प्लग लावलेल्या अवस्थेतच पडलेलं असतं. आमच्या हातांना ही सवय नव्हती आणि मी त्याची किंमत मोजली.

इम्पॅक्ट ड्रायव्हर (ठोके देत स्क्रू पिळणारं मशीन) कमरेच्या हुकाला लटकवून शिडी चढत होतो. शिडीच्या पायरीने ट्रिगर दाबला. बिटाने शर्टाचं टोक पकडलं आणि एका सेकंदात पोटापर्यंत गुंडाळलं. वायरचं मशीन असतं तर ते खाली प्लगविना पडलं असतं. मी शिडीच्या सहाव्या पायरीवर, एक हात शिडीला, दुसऱ्याने ट्रिगर सापडेना. शर्ट फाटला म्हणून सुटलो. पोटावर वळ अजून आहे, घरचे त्याला माझा जन्मदाखला म्हणतात.

त्या दिवसापासून दोन सवयी. ट्रिगरच्या वर उलट-सुलट फिरवायचा आडवा खटका असतो, तो मधोमध ठेवला की ट्रिगर दबतच नाही. मशीन हातातून खाली ठेवताना अंगठा आपोआप तिकडे गेला पाहिजे. आणि बिट, पातं, चकती ह्यांतलं काहीही बदलायचं तर आधी बॅटरी काढून डोळ्यांसमोर टेबलावर. मधला खटका त्या वेळी पुरेसा नाही, तो बोटाच्या धक्क्याने सरकतो. एक कामगार मला म्हणाला होता, काका, एवढ्या वेळा काढघाल केली तर बॅटरीचे खाचे झिजतील. म्हटलं झिजू देत.

आता राव. फिरत्या बिटाजवळ जाड हातमोजे घालू नका आणि कुणाला घालायला सांगू नका. उघड्या हाताला बिट घासला तर कातडी सोलवटते. हातमोज्याचं टोक सापडलं तर तो आख्खा हात ओढून नेतो. सैल बाही, मोकळे केस, गळ्यातलं लोंबणारं काहीही, त्याच यादीत. धारदार पत्रा उचलताना हातमोजे जरूर घाला, मशीन हातात घेण्याआधी काढा. बॅटरी 'जिवंत' करण्याबद्दल दुसरं कुणी बोलेल, मी बोललो तर संपादक प्रतिसाद उडवतील.

फेज_न्यूट्रल

काकांनी लोखंडाचं सांगितलं, मी भिंतीचं सांगते. मी इलेक्ट्रिशियन आहे.

'वायर नाही म्हणजे शॉक नाही' हे वाचून पोटात गोळा आला. तुमच्या मशीनची वायर नाही, भिंतीतली आहे! बिट जिवंत तारेला लागला तर मशीन बॅटरीचं आहे की प्लगचं, तारेला काही फरक पडत नाही. चक धातूचा, अनेक मशिनांत पुढचा भागही धातूचा. म्हणून भिंतीत भोक पाडताना हात मुठीच्या रबरावर, चकाच्या मागच्या धातूवर नाही.

तारा बहुतेक वेळा स्विचबोर्डाच्या आणि सॉकेटच्या सरळ वर, सरळ खाली किंवा आडव्या रेषेत जातात, त्या पट्ट्यात भोक पाडायचं टाळा. पण 'बहुतेक' ह्या शब्दावर जीव टांगू नका. मी तिरप्या गेलेल्या तारा पाहिल्या आहेत, ज्याने टाकल्या त्याला शोधत होते. भिंतीतली तार ओळखणारं यंत्र मिळतं, ते वापरा, पण त्याने 'काही नाही' म्हटलं म्हणजे काही नाहीच असं नसतं.

गंमत म्हणजे ह्या एका बाबतीत बॅटरीचं मशीन वरचढ आहे आणि लोक नेमका तोच फायदा घेत नाहीत. वायरच्या ड्रिलला वीज चालू ठेवावीच लागायची. तुम्हाला ती गरज नाही. एमसीबी पाडा, टेस्टरने खात्री करा, खिडकीच्या उजेडात किंवा बॅटरीच्या दिव्यात भोक पाडा. पाच मिनिटं पंखा बंद राहिला तर कुणी मरत नाही.

भिंतीची धूळ तोंडावर रुमाल बांधून अडत नाही. काँक्रीट, वीट, फरशी ह्यांच्या धुळीत सिलिका असते, तिचे सगळ्यात बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत आणि फुफ्फुसात जाऊन बसतात. एन 95 किंवा एफएफपी 2 मास्क, चेहऱ्याला नीट चिकटलेला. चष्मा लागत असेल तर त्यावर वेगळा संरक्षक चष्मा. नंबरच्या चष्म्याच्या बाजू उघड्या असतात.

सेलमोजणी

बॅटरीबद्दल मी लिहितो, तोच माझा उद्योग.

तुमच्या 18 व्होल्टच्या डबीत लिथियम-आयनचे 5 सेल ओळीने जोडलेले आहेत, प्रत्येकी 3.6 व्होल्ट. पूर्ण भरल्यावर प्रत्येक सेल 4.2 वर जातो, म्हणजे एकूण 21. काही कंपन्या त्याच बॅटरीवर '20 व्होल्ट मॅक्स' छापतात, ताकदीत फरक नाही. 5 अँपिअर-तासाची असेल तर आत 90 वॅट-तास ऊर्जा आहे, मोठ्या फोनच्या बॅटरीच्या जवळजवळ पाचपट. पलंगाशेजारी झोपवण्याइतकी गरीब वस्तू नाही ती.

अस्सल चार्जर आणि अस्सल बॅटरी असेल तर भरल्यावर चार्जिंग थांबतं, हे खरं. तरी मी जागा असतानाच चार्ज करतो. फरशीवर किंवा दगडी ओट्यावर, गादी-पडद्यापासून लांब, आणि दाराच्या वाटेत नाही. ह्यातला शेवटचा मुद्दा लोक विसरतात. आग लागलीच तर ती तुमच्या आणि दाराच्या मध्ये नको. काम करून गरम झालेली बॅटरी लगेच चार्जरवर बसवू नका, हाताला कोमट लागेपर्यंत थांबा. शून्य अंशाच्या खाली तर चार्ज करायचीच नाही, सेलच्या आत धातूरूप लिथियम साचतं आणि ते पुन्हा जागेवर जात नाही.

खटपट राव, तुम्ही केलंत ते ह्या धाग्यातलं सर्वांत धोकादायक काम. चार्जर लाल दिवा दाखवून नकार देत होता, कारण एखादा सेल फार खाली गेला असणार. फार खाली जाऊन बराच काळ तसाच राहिलेल्या सेलमधलं तांबं विरघळू शकतं आणि पुढच्या चार्जिंगला आतल्या आत नको तिथे जमतं. तिथून अंतर्गत शॉर्ट. वर तुम्ही भरलेली बॅटरी थेट जोडलीत, मध्ये प्रवाह रोखायला काहीच नाही. ती आज चालतेय म्हणजे बरी झाली असं नाही. तिला निवृत्त करा. टोकांवर चिकटपट्टी लावा, ई-कचऱ्यात द्या, घरच्या कचऱ्यात नाही.

बाकी थोडक्यात. फुगलेली, उंचावरून आपटलेली, पाण्यात पडलेली बॅटरी वापरू नका. सुटी बॅटरी खिळे-स्क्रूच्या डब्यात टाकू नका, एक खिळा दोन टोकांवर आडवा पडला की झालं. महिनोन् महिने ठेवायची तर अर्धी भरलेली ठेवा. एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या मशीनला लावणारे अ‍ॅडॅप्टर मिळतात, त्यांच्यापासूनही दूर. काही कंपन्यांत बॅटरी फार उतरू नये म्हणून थांबवणारी सोय मशीनमध्ये असते, बॅटरीत नाही, आणि अ‍ॅडॅप्टर लावला की ती सोय मध्येच हरवते.

खटपट_राव

ती बॅटरी काढून बाल्कनीत मातीच्या कुंडीत ठेवलीय. बायको विचारतेय काय पेरलं.

अर्धवट_सुतार

जुना फिटर काका, पैज जिंकलात. मूठ पिशवीतच होती, वर सिलिका जेलची पुडीसुद्धा. आणि पलंगाशेजारचा चार्जर उचलला.

पण ग्राइंडरचं कुणी बोललंच नाही. भावाने काल आणलासुद्धा. म्हणतो, ड्रिलसारखाच आहे, फक्त चकती फिरते.

जुना_फिटर

नाही हो, ड्रिलसारखा नाही. ड्रिल मनगट पिरगळतं. ग्राइंडरकडे मनगटाशी खेळायला वेळ नसतो.

100 मिलिमीटरची चकती मिनिटाला 11,000 फेरे घेते. तिच्या कडेचा वेग ताशी 200 किलोमीटरच्या वर जातो. आणि ती चकती म्हणजे राळेने चिकटवलेले खडे, आत जाळी. म्हणून भावाला सांगा, आधी चकती हातात घे आणि वाच. तिच्यावर जास्तीत जास्त फेरे छापलेले असतात. 115 च्या चकतीवर 13,300, 125 च्या चकतीवर 12,200 असे आकडे दिसतील. मशीनचे फेरे ह्याच्या खालीच हवेत. मधल्या धातूच्या कड्यावर महिना-वर्ष असतं, ती मुदत आहे. राळ ओल खाऊन कमकुवत होते. खाली पडलेली, कडा तुटलेली चकती फेकायची. जुन्या डब्यातली, आजोबांच्या काळातली तर नकोच.

गार्ड, म्हणजे चकतीवरचं झाकण, काढायचा नाही. मोठी चकती बसत नाही म्हणून गार्ड काढणारे मी पाहिलेत, त्यांतल्या एकाच्या गालात तुकडा घुसला होता. लाकूड कापायची दातेरी पाती ग्राइंडरला लावून विकतात, ती तर हातात धरूच नये. लाकडात दात अडकला की मशीन सरळ तोंडाकडे उसळतं.

कापताना रॅकचा पाय असा टेकवा की कापलेली चीर उघडत जाईल, मिटणार नाही. मिटली की चकती चिमटीत सापडते आणि ग्राइंडर मागे उसळतो. उभं राहायचं चकतीच्या रेषेत नाही, बाजूला. कापायच्या चकतीने बाजूने घासायचं नाही, ती त्यासाठी नाही. नवीन चकती बसवली की अर्धा-एक मिनिट कुणी समोर नसताना मोकळी फिरवा, फुटायची असेल तर तिथेच फुटू दे. चेहऱ्यावर पूर्ण ढाल, आत चष्मा, कानाला संरक्षण.

स्विच कोणता आहे ते बघा. खाली लांब पट्टी असेल, दाबून धरली तरच चालू, सोडली की बंद, तर उत्तम. पुढे सरकवून अडकणारा स्विच असेल तर बॅटरी बसवण्याआधी तो मागे आहे ना, हे दर वेळी बघायचं. काही मशिनं अशा वेळी सुरू व्हायला नकार देतात, सगळी देत नाहीत. बंद केल्यावर ब्रेक नसेल तर चकती कितीतरी सेकंद फिरत राहते. थांबल्याशिवाय खाली ठेवायची नाही.

बॅटरी उतरत आली की चकती मंदावते, अडकायला लागते, आणि माणूस वरून दाबतो. तुमचा 'शेवटचा जोर' आठवा. तिथे थांबून बॅटरी बदलायची. ठिणग्या कित्येक मीटर जातात, आसपास भुसा, चिंध्या, थिनर नको. काम झाल्यावर अर्ध्या तासाने पुन्हा जाऊन वास घ्या. लोखंडाचा चुरा वीजवाहक असतो, बॅटरीच्या टोकांत गेला तर कोरड्या ब्रशने झटका.

आणि हो, भाऊ ह्या कामात नवा असेल तर रॅकच्या चार पायांना हॅकसॉ, म्हणजे लोखंड कापायची हातकरवत, पुरे. वीस मिनिटं आणि थोडा घाम.

अर्धवट_सुतार

भावाला सगळं वाचून दाखवलं. आधी हसला. मग चकती बघायला गेला. ग्राइंडर नवा, पण चकत्या त्याने मित्राच्या माळ्यावरच्या डब्यातून उचलून आणल्या होत्या. मधल्या कड्यावरची मुदत तीन वर्षांपूर्वीच संपलेली, आणि एकीची कडा उडालेली. पाचही मोडून टाकल्या.

दोन पाय आत्ता हॅकसॉने कापून झालेत, तोच कापतोय. मी डाव्या हाताने माप घेऊन देतेय. तिसऱ्या पायाला पातं बोथट झालं म्हणून शिव्या चालल्यात.

जुना_फिटर

पातं उलटं लावलं असेल. दात पुढच्या बाजूला, मुठीपासून लांब तोंड करून हवेत.

अर्धवट_सुतार

उलटंच होतं.